पाण्याने लावलेला चुना

ज्याच्या परसात सिमेंटच्या अकरा पोत्यांचे अकरा धोंडे झालेले आहेत, अशा माणसाने दगड कसा तयार होतो या भानगडीत पडू नये. हे मला वेळेवर सांगणारं कोणी भेटलं नाही, असं मी परवापर्यंत म्हणत होतो. खरं तर भेटलं होतं, घरातच होतं आणि रोज सांगत होतं.

पोत्यांचं आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल तुमचा काही गैरसमज राहणार नाही. २००४ साली आम्ही मोर्शीत घर बांधलं. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे आपल्याला गणितही येतं हे सिद्ध करायची खाज आयुष्यभर पुरली. गवंडी बिचारा सांगत होता, "गुरुजी, आता पोतं आनू नोका, झालं काम." तरी मी वही घेऊन बसलो, गच्चीची लांबी फुटात धरली, जाडी इंचात धरली, दोन्हींचा सरळ गुणाकार केला, उत्तर अकरा पोती आलं आणि मी ती आणली. वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, मांडव निघाला, आणि अकरा पोती परसात जशीच्या तशी. ही म्हणाली, "परत देऊन टाका." मी म्हणालो, भाव वाढणार आहेत. जूनमध्ये भाव वाढले नाहीत, वादळ वाढलं. पोत्यांवरचा टिनाचा पत्रा उडून शेजारच्यांच्या गोठ्यावर जाऊन पडला, रात्रभर पाऊस कोसळला, आणि सकाळी मी वरचं प्लॅस्टिक सोलून पाहतो तो आत पुन्हा पोतंच, विणीच्या ठशासकट, कोपऱ्यांच्या दोन्ही कानांसकट. फक्त दगडाचं.

आता एकावर ही कपडे धुते, एकावर तुळस आहे, दोघांवर गल्लीतली पोरं बसतात, आणि उरलेले सात भिंतीशी नुसते उभे असतात. समर्थांनी अकरा मारुती स्थापले. आमच्याकडे नात्यातला पाहुणा आला की ही त्याला चहाच्या आधी परसात नेते आणि म्हणते, "हे यांचे."

दुसरं दुखणं पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. जड म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याने आमच्याकडे येऊन डोक्याला साबण लावून पाहावा. फेस येत नाही. दह्यासारखा साका येतो, आणि तो धुवायला जे पाणी घ्यावं त्यानेच आणखी साका होतो. तुरीची डाळ चार शिट्ट्यांना दाद देत नाही. कुकरच्या बुडाला पांढरं पुट, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी, गिझरच्या कॉइलला पांढरा लेप. स्नानघरात हौसेनं फवारा बसवला होता, त्याच्या साठ भोकांपैकी आता चार चालू आहेत, आणि त्या चारांतलं एक नेमकं डोळ्यात मारतं.

शेजारचे भाऊ संत्रेवाले. त्यांच्या बगीच्यात ठिबकच्या नळ्यांची हीच गत. आंबिया बहाराला पाणी सोडलं की निम्मे ड्रिपर मुके. मग नळ्यांतून आम्लाचं पाणी फिरवायचं, रात्रभर राहू द्यायचं आणि सकाळी नळ्यांची शेवटची टोकं उघडून सगळी घाण बाहेर काढायची, असा रिवाज आहे. माणसं कमी होती म्हणून मी मदतीला गेलो. भाऊंनी मला सर्वांत सोपं काम दिलं: टोपण काढायचं आणि बाजूला व्हायचं. टोपण मी काढलं. बाजूला व्हायचं राहून गेलं. घरी परतलो तेव्हा कपाळापासून छातीपर्यंत पांढरा चिखल वाळून तडकलेला होता, आणि हिनं दार उघडून विचारलं, "कोन पाह्यजे?"

त्या दिवशी भाऊंनी विहिरीच्या काठावर बसून मला या विषयाचा पहिला धडा दिला. "गुरुजी, आपल्या पान्यात चुना हाय, जमिनीत चुना हाय. खोदलं का चुनखडीचे गोटे निंगते. झाडाचं पान पिवळं पडते ते काहून? जमिनीत लोह असते, पन चुन्यापुढं झाडाले भेटत नाही. एवढ्या चुन्यात राहून चुना लागत नाही असा मानूस इकडं सापडाचा नाही." मी विचारलं, माझ्याबद्दल बोलताय का? ते म्हणाले, "नाही, संत्र्याच्या भावाबद्दल."

तिसरा चुना मला पोटात लागला. एका रात्री कमरेतून अशी कळ आली की मी देवाला, डॉक्टरांना आणि सासऱ्यांना एकाच वाक्यात हाका मारल्या. अमरावतीला नेलं. मुतखडा निघाला, सहा मिलिमीटरचा. मी डॉक्टरांना आमच्या बोअरबद्दल, कुकरबद्दल आणि फवाऱ्याच्या चार भोकांबद्दल सविस्तर सांगितलं, आणि जे नळात झालं तेच माझ्यात झालं असा सिद्धांत मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाण्यावर आळ घेऊ नका गुरुजी. दिवसाला किती पिता?" मी म्हणालो, पाणी का? चहा सोडून?

सिद्धांत तिथंच संपला.

पण माझा खरा घात केला तो शेजारच्या खाटेने. तिच्यावर एक निवृत्त प्राध्यापक होते, भूगर्भशास्त्राचे, आणि त्यांनाही हीच तक्रार. दोन माणसं, दोघांच्या पोटात खडे आणि भिंतीवरचा टीव्ही बंद. दगड सोडून बोलणार कशावर? माझ्या आधी त्यांचा पडला. त्यांनी तो स्वच्छ धुतला, भिंगातून पाहिला, छोट्या बाटलीत ठेवला आणि वर तारखेची चिठ्ठी लावली. असा गुरू मला शाळेत मिळाला असता तर मी अकरा पोती आणली नसती.

मी त्यांना विचारलं, नदीकाठची वाळू मुठीत धरली तर निसटते, मग तिचा खडक कसा होतो? नुसत्या दाबानं? ते म्हणाले, दाब लागतोच, पण दाबून रवा लाडू होत नाही, पाक लागतो. आणि पाक करणारा आचारी म्हणजे जमिनीखालचं पाणी. पाऊस पडतो तेव्हाच हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. जमिनीत शिरला की मुळांच्या आणि कुजणाऱ्या पाल्याच्या श्वासातला हाच वायू त्याला हवेपेक्षा कितीतरी पट जास्त मिळतो, आणि पाण्याला किंचित आंबटपणा येतो, आपल्या जिभेला कळणारही नाही इतका. पण दगडाला कळतो. चुन्याचा दगड तर त्यात विरघळतोच, आपल्या काळ्या पाषाणातूनही तो कॅल्शियम आणि सिलिका कणाकणानं सोडवून घेतो. असं भरल्या खिशाचं पाणी पुढे वाळूच्या थरात शिरतं. सुट्या वाळूत शंभरात पस्तीस-चाळीस भाग नुसती पोकळी असते. तिथून जाताना पाण्यातला वायू निसटला किंवा पाणी उडून गेलं, की चुन्याला पाण्यात राहवत नाही. तो कणांच्या सांध्यात जाऊन बसतो. वर्षं जातात, सांधे भरतात, पोकळी बुजते, आणि मुठीतून निसटणारी वाळू घणाला उत्तर देऊ लागते.

"तुमच्या घरी पावसाळ्यात मिठाची बरणी पाहिलीय?" त्यांनी विचारलं. पाहिली काय, मी तिच्यात सांडशी घालून मीठ फोडतो. "तेच ते. दमट हवेनं मिठाच्या कणांची कड विरघळते, ऊन पडलं की ते पाणी उडतं, आणि मीठ दोन कणांच्या मधे पुन्हा जमतं. बरणीत जे एका श्रावणात होतं त्याला जमिनीत फार वेळ लागतो, एवढंच."

खाली खोल गेलं की आणखी एक गंमत होते म्हणे. वरच्या थरांचा भार पडला की वाळूचे कण जिथं एकमेकांना टेकतात, टोचतात, तिथेच थोडे थोडे विरघळतात, आणि ते विरघळलेलं द्रव्य शेजारच्या पोकळीत जाऊन त्याच दोघांना जखडून टाकतं. मी म्हणालो, आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. प्राध्यापक म्हणाले, "तेच ते."

आणि पाकही एक नाही. चुन्याचा पाक असला तर खडकावर आम्ल टाकताच फसफसतं. सिलिकाचा असला तर आम्लाला ढिम्म दाद देत नाही, आणि तो इतका चिवट की दगड फोडला तर चीर सांध्यातून न जाता सरळ कणांना चिरत जाते. लोहाचा असला तर खडक तांबडा, गेरूच्या रंगाचा. गेरू म्हणताच मला आपल्या धारूळजवळच्या अंबादेवीच्या गुहा आठवल्या. अमरावतीच्या काही निसर्गवेड्या मंडळींनी २००७ साली तिथली आदिमानवाची चित्रं शोधून काढली होती. वाळूच्याच दगडाच्या ओसऱ्या त्या, आणि भिंतींवर तांबडे प्राणी. म्हणजे लोहानंच भिंत रंगवायची सोय करून ठेवली. असल्या वेळी मला निसर्गाबद्दल फार भरून येतं. ही म्हणते ते पित्त असतं.

"तुम्ही मोर्शीचे आणि मला काय विचारता?" प्राध्यापक म्हणाले. "सालबर्डीला जा." आता सालबर्डी आम्हाला महाशिवरात्रीच्या जत्रेची माहीत, गुहेतल्या महादेवाची माहीत, माडू नदीच्या पाण्यात पाय सोडून खाल्लेल्या भरीत-भाकरीची माहीत. तिथल्या उघड्या कड्यांत गोंडवन काळातले वाळूचे खडक आहेत, त्यांच्यावर लमेटाचे थर आणि त्यांच्यावर लाव्हाचा काळा पाषाण, हे मला साठीला आल्यावर सलाईन लावलेल्या अवस्थेत कळलं. लमेटा हे नाव जबलपूरच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटाचं. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबाला १८२८ साली जबलपुरात डायनासोरची हाडं सापडली ती याच थरांत. आणि सालबर्डीलाही सापडली! अमरावती विद्यापीठाच्या श्रीवास्तव आणि मानकर या अभ्यासकांनी २०१३ साली तिथल्या डायनासोरच्या पुढच्या पायातल्या हाडाबद्दल लिहिलं आणि २०१५ साली चक्क अंड्यांच्या घरट्याबद्दल. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी एका अवाढव्य मादीनं आमच्या तालुक्याच्या वेशीवर वाळूत अंडी घातली, ती उबली नाहीत, आणि जमिनीतल्या पाण्यानं त्या वाळूला चुन्याचा पाक पाजून तो सगळा संसार दगडात बंद केला. एवढं झाल्यावर प्राध्यापकांनी मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचंही सांगितलं, जिथं डायनासोरची विष्ठा दगड होऊन पडली आहे, आणि २००५ साली त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्यामुळे त्या काळीही गवत होतं हे जगाला समजलं. तेवढ्यात आमचं जेवणाचं ताट आलं. मी ते परत पाठवलं.

घरी येताना मी सलाईनची रिकामी बाटली आणि नळी मागून घेतली. हिनं विचारलं, कायले? मी म्हणालो, लागेल.

मला वाळूचा दगड बनवायचा होता. साहित्य सगळं घरचं: प्लॅस्टिकची बादली, घर बांधताना उरलेली वाळू (तिचाही हिशेब मीच केला होता), बोअरचं पाणी आणि थेंब थेंब सोडायला सलाईन. ऊन लागू नये, कचरा पडू नये म्हणून बादली जिन्याखाली अंधारात ठेवली, वर झाकण घातलं आणि झाकणाला नळीपुरतं भोक पाडलं. रोज सकाळी उठून वाळूत बोट खुपसायचं. रोज बोट सरळ आत. चार महिने मी हे केलं. या काळात ही एकदाच काही बोलली: "वास येऊन राह्यला." मी तिला म्हणालो, खडक बनताना येत असेल. मग एक दिवस डेंग्यूच्या तपासणीला दोन आशाताई आल्या, त्यांनी कूलर पाहिला, टाकी पाहिली, जिन्याखाली बॅटरी मारली, झाकण उचललं, आणि त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "बाई, लिही. बादली एक. अळ्या भरपूर." गल्लीतल्या बावीस घरांत आमचं एकच घर निघालं. वाळू परसात ओतली. सलाईन खुंटीला टांगलं.

पण खरा वैज्ञानिक एका अपयशाने खचत नाही. तो दुसऱ्याकडे जातो. मी आता सालबर्डीला जाऊन प्रत्यक्ष खडकावर आम्ल टाकून पाहायचं ठरवलं आणि त्यासाठी संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली घेतली. नेण्याआधी ते ताजं आहे की नाही हे बघायला पाहिजे. म्हणून देवघरापुढे बसून, म्हणजे उजेड तिथं चांगला येतो म्हणून, एका वाटीत घरातली चुनखडी ठेवली आणि वरून थेंब सोडायला गेलो. बुच घट्ट होतं. मग ते एकदम निघालं. वाटीत काही पडलं नाही, पण फसफस मात्र अशी जोरात झाली की मी आनंदानं ओरडलो, "चुना! चुना!" ही धावत आली. खाली पाहिलं. आमची शहाबादी फरशी, जी गेली कित्येक वर्षं मी नुसती फरशी समजत होतो, ती मुळात चुन्याचाच दगड आहे, हे विज्ञानाला माहीत असेल. मला त्या क्षणी समजलं. देवासमोर ताटाएवढा पांढरा डाग पडला, तो अजून आहे. हिनं त्यावर रांगोळीचा साचा ठेवायला सुरुवात केली आहे.

सालबर्डीला जाताना त्यामुळे माझ्याकडे ॲसिड नव्हतं. म्हणजे ठेवू दिलं नाही.

जत्रा होऊन आठवडा झाला होता, गर्दी नव्हती. महादेवाच्या गुहेत वाकून शिरलो. छतावरून एक गार थेंब नेमका टकलावर पडला, तेव्हा मी दर्शन सोडून तो थेंब किती जड असेल याचा विचार करत उभा राहिलो आणि मागच्या बाईंनी "अवो, सरका नं" म्हणून ढकललं. बाहेर येऊन नाल्यानाल्यानं चाललो. एका ठिकाणी कड्यात खरंच वाळूचा खडक दिसला. हात फिरवला तर पॉलिश पेपरासारखा खरखरीत, आणि थर असे एकावर एक, की पाणी कुठल्या बाजूनं वाहत होतं ते जणू त्याने लिहून ठेवलंय. इथं मी बराच वेळ बसलो. खोटं कशाला सांगू, तेवढा वेळ मी कुणाचंही नुकसान केलं नाही.

मग नाल्यात मला ते दिसलं. गोल. नारळापेक्षा थोडं मोठं. करडं. आणि वरून एक पातळ पापुद्रा सुटलेला, अगदी टरफलासारखा. माझ्या छातीत धडधडायला लागलं. एवढे अभ्यासक येऊन गेले आणि हे माझ्यासाठी ठेवून गेले! असली वस्तू जागच्या जागी ठेवून जाणकारांना कळवायची असते, उचलायची नसते, हे प्राध्यापकांनी मला खाटेवरच बजावलं होतं. मी ते पिशवीत घातलं. पिशवी फाटली. मग शर्ट काढून त्यात गुंडाळलं आणि बनियनवर एसटीत चढलो.

कंडक्टरनं गाठोड्याकडे बोट दाखवलं. मी आवाज खाली आणून, अवघ्या विदर्भात हे फक्त दोघांनाच माहीत असेल अशा थाटात म्हणालो, "अंडं आहे. डायनासोरचं." त्यानं तिकीट फाडत विचारलं, "उकडलेलं का कच्चं?" बस हसली. शेजारच्या आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गाठोड्याची एक घडी हळूच बाजूला केली, आत गोल करडा दगड पाहिला, सालबर्डीहून बनियनवर परतणारा माणूस पाहिला, आणि त्यांचा डोळा भरून आला. "महादेव घरी घेऊन चालले का दादा?" त्यांनी पुडी सोडून दगडाला हळदकुंकू लावलं, वर एक रुपया ठेवला आणि माझ्याही पायाला हात लावला. मागच्या बाकावरून आणखी दोघी आल्या. मोर्शीच्या स्टँडवर मी उतरलो तेव्हा अंड्यावर सात रुपये, एक बेलाचं पान आणि अर्धी उदबत्ती होती.

दार हिनंच उघडलं. मी बनियनवर, कडेवर दगड, दगडाला कुंकू. तिनं मला नाही, त्याला नमस्कार केला.

आता त्याला फोडणं नाही, खरवडणं नाही, आम्लाचं तर नावही नाही. एका क्षणात माझा पुरावा देव झाला. देवघरात जागा नव्हती, म्हणून हिनं तुळशीच्या धोंड्यावर बांधकामातलं बुडाला भोक पडलेलं घमेलं ठेवलं, देव घरंगळू नये म्हणून त्यात माझी बादलीतली ओतलेली वाळू भरली आणि त्यात तो बसवला. श्रावणात अभिषेकाला गळती हवी होती. तांब्याची महाग पडते. खुंटीवर सलाईन होतंच.

दोन वर्षं गेली. बोअरचं पाणी त्या बाटलीत, बाटलीतून देवावर, देवावरून वाळूत, वाळूतून भोकावाटे तुळशीत. वर आमचं वऱ्हाडातलं ऊन. मी तिकडे फिरकलोही नाही, कारण मला त्या काळात मधमाश्या पाळायच्या होत्या. ते वेगळं सांगेन.

या मार्चमध्ये प्राध्यापक आमच्याकडे आले. जेवणं झाल्यावर मी त्यांना परसात नेलं आणि शक्य तितक्या अलिप्तपणे अंडं दाखवलं. त्यांनी चप्पल काढली, नमस्कार केला, मग खिशातून भिंग काढलं. अर्ध्या मिनिटात निकाल. "काळा पाषाण. उन्हापावसानं कांद्यासारखा सोलत जातो आणि आतला गोटा असा गोल राहतो. तुमच्या प्रत्येक धुऱ्यावर असे शंभर सापडतील." मी म्हणालो, पण टरफल? ते म्हणाले, "कांद्याचं."

मी भिंग घ्यायला हात पुढे केला, पण ते आणखी खाली वाकले होते. घमेल्याकडे. त्यांनी देवाच्या पायथ्याशी नख लावलं, नख सरकेना. किल्ली लावली, सरकेना. ही कौतुकाने पाहत होती. दगडाखालची, जिथं रोज थेंब पडत होता तिथली वाळू एकसंध झाली होती. बोटभर जाड, वाटोळी, भाकरीसारखी. प्राध्यापकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "यात सिमेंट टाकलं होतं?"

"यांले आमी तिकडं येऊच देत नाही," ही म्हणाली.

मग परवानगी घेऊन, फरशीपासून लांब, कडेचा एक छोटा तुकडा निघाला. घरात ॲसिड नव्हतं, लिंबू होतं. लिंबाचा रस पडला आणि तुकड्यातून बारीक बारीक बुडबुडे वर आले. भिंगातून मलाही पाहू दिलं: वाळूचे कण, आणि दोन कणांच्या मधे साबुदाण्याच्या खिचडीतल्यासारखा पांढुरका चिकटा. प्राध्यापक लहान मुलासारखे खूश झाले. माझी बादली का फसली तेही त्यांनी सांगितलं: अंधार, वर झाकण, खाली भोक नाही, पाणी साचून राहिलं, वायू निसटायला जागा नाही, पाणी उडायला ऊन नाही. पाण्यानं यावं, चुना ठेवावा आणि निघून जावं, तेव्हा काम होतं. "वहिनींनी सगळं बरोबर केलं. रोज किती पाणी घालायचात?"

"दोन तांबे. सोमवारी तीन."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सोमवारसुद्धा. मग तुकडा रुमालात बांधून ते वळले, आणि भिंतीशी उभे असलेले माझे सात धोंडे त्यांना पहिल्यांदाच दिसले. त्यांनी भिंग पुन्हा काढलं. एकावर हात फिरवला, विणीच्या ठशावर बोट थांबलं, कानाला हात लावून पाहिला.

"आणि हे?"

हिनं तोंडाला पदर लावला होता.

"हे माझं," मी म्हणालो. "एका रात्रीत."